म्हातारपण खिडकीपर्यंत चालत येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी शाल-श्रीफळ घ्यायला येतात ते सभागृहाचा जिना चढू शकणारे ज्येष्ठ. सरकारी योजनांचेही तसेच आहे. निराधार पेन्शन हवी तर तहसीलच्या खिडकीवर या. रेशन हवे तर दुकानात येऊन अंगठा लावा. हयात आहात हे सांगायला बँकेत या. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांत कार्यालयात तारखेला हजर राहा. लाभार्थी चालू शकतो, ऐकू शकतो, रांगेत तासभर उभा राहू शकतो हे प्रत्येक ठिकाणी गृहीतच धरलेले असते. साठ ते सत्तरच्या दरम्यान बहुतेकांना हे जमतेही. पण ज्येष्ठांमध्ये सर्वांत वेगाने वाढणारा गट ऐंशीच्या पुढचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ ते २०५० या काळात भारतात हा गट सुमारे पावणेचार पट होईल. या माणसांना खिडकीवर बोलावून उपयोग नाही, खिडकीच त्यांच्या घरी गेली पाहिजे. नाशकात हे कसे करता येईल, आणि आज नेमके कुठे अडते, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

आधी हिशेब. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते, म्हणजे ८.६ टक्के. केंद्राच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३१ मध्ये ते १९.४ कोटी, म्हणजे १३.१ टक्के होतील. महाराष्ट्र यात देशाच्या पुढे आहे : २०२१ साठी ११.७ टक्के आणि २०३१ साठी १५ टक्के. नाशिक जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ६१ लाख होती. ती तेवढीच राहिली असे धरले आणि राज्याची टक्केवारी लावली, तरी आज जिल्ह्यात सात लाखांवर आणि २०३१ मध्ये नऊ लाखांवर ज्येष्ठ होतात. लोकसंख्या अर्थातच तेवढी राहिलेली नाही.

शिवाय हे भाकीत नव्हे, मोजणी आहे. २०२१ ते २०३१ मध्ये साठी गाठणारे सगळे १९६१ ते १९७१ दरम्यान जन्मलेले आहेत. त्या दशकात देशाची लोकसंख्या २४.८ टक्क्यांनी वाढली, कारण देवी-हिवतापात पूर्वी जाणारी मुले वाचू लागली होती आणि घरात पाच-सहा मुले होणे थांबलेले नव्हते. हीच पिढी संसाराला लागली तेव्हा भिंतीभिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगला होता. तिने दोनावर थांबवले, पुढच्यांनी एकावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ निघाला. माणसे जास्त जगतात म्हणून म्हाताऱ्यांची संख्या वाढते हे खरे, पण टक्का वाढतो तो मुख्यतः खालून मुले कमी येतात म्हणून. सांभाळणारे हात किती असतील हे यातून ठरून गेले आहे. २०४५ मध्ये साठीला येणारा माणूस आज चाळिशीत आहे आणि त्याला मुले किती, हे त्याला आजच ठाऊक आहे. पासष्टीपुढच्यांचे प्रमाण ७ वरून १४ टक्के व्हायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे लागली, जपानला २४. आपला वेग जपानच्या जवळचा आहे. जपानने २००० साली सक्तीचा शुश्रूषा विमा आणला, आपल्याकडे तसे काही नाही.

नाशिकची घडण या प्रश्नाला आणखी धार लावते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेले कामगार आता निवृत्त आहेत. त्यांच्या वाट्याला भविष्य निर्वाह निधीतली ईपीएस-९५ ची पेन्शन आहे आणि तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपयांवर थांबलेली आहे. सिडकोतली छोटी घरे कुटुंब वाढेल तशी वर चढवली गेली. जागा कमी म्हणून जिना उभा, पायऱ्या अरुंद, कठडा एकाच बाजूला. गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोडच्या जुन्या सोसायट्यांत तीन मजले आणि लिफ्ट नाही. गुडघे गेले की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस दवाखान्यापुरताच खाली येतो, पुढे तेही बंद होते. सुरगाणा-पेठकडे चित्र वेगळे आहे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीपासून तरुण जोडपी दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात आणि मागे म्हातारी माणसे नातवंडांना सांभाळत राहतात. तिथे म्हाताऱ्यांना कोण बघणार हा प्रश्न विचारायलाही घरात कोणी नसते.

आता खिडकीवर काय होते ते पाहू.

पहिली अडचण वयाची. ज्येष्ठ म्हणजे किती वर्षांचा, याचे उत्तर योजनेगणिक बदलते. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात ६०. राज्याच्या श्रावणबाळ पेन्शनला ६५, मुख्यमंत्री वयोश्री योजनेलाही ६५. आयुष्मान वय वंदना कार्डाला ७०. एसटीचा मोफत प्रवास ७५. प्रत्येक टप्प्यावर नवे कागद, नवी नोंदणी. त्यात आपल्याकडे आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेले म्हातारे गावोगाव सापडतात, कारण नोंदणी करणाऱ्याने अंदाजे साल टाकले. ते दोन-चार वर्षांनी चुकले असेल तर पेन्शन तेवढी वर्षे लांबते. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईने अर्ज करू नये. आधी पुरावा हाती घ्यावा. शाळेचा दाखला नसलेल्या बायकांसाठी श्रावणबाळच्या नियमांत रेशनकार्ड किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो, तसेच ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा त्यावरच्या सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखलाही चालतो. ‘शाळेचा दाखला आणा’ असे सांगून परत पाठवले तर हा नियम दाखवून अर्ज घ्यायला लावावा.

दुसरी अडचण उत्पन्नाची, आणि तिच्याकडे कोणी फारसे बोट दाखवत नाही. श्रावणबाळसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा अजून २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. लाडकी बहीण योजनेत ती मर्यादा अडीच लाख आहे आणि वय २१ ते ६५. दोन्हीकडे रक्कम महिना १५०० रुपयेच. आता वर्षाला साठ हजार उत्पन्न असलेल्या घरातली विधवा घ्या. चौसष्टाव्या वर्षी ती सरकारच्या लेखी मदतीला पात्र असते. पासष्ट ओलांडले की बहीण म्हणून बाद होते आणि आई म्हणून बसत नाही. तब्येत उतरणीला लागते नेमक्या त्या वर्षी पैसे थांबतात. श्रावणबाळची मर्यादा वाढवण्याला खर्च येईल हे उघड आहे, पण आधीच्या महिन्यापर्यंत हाच खर्च दुसऱ्या खात्यातून होत होता. या पेन्शनमधला केंद्राचा वाटा तर ऐंशीच्या आतल्यांसाठी आजही दरमहा २०० रुपयेच आहे.

तिसरी अडचण अंगठ्याची. ‘थंब येत नाही’ हे वाक्य रेशन दुकानात रोज ऐकू येते. वयाने कातडी पातळ आणि कोरडी होते, शेतात-धुण्याभांड्यांत राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात, मशीनला ठसा सापडत नाही. करून पाहण्यासारखे बरेच असते : कोमट पाण्याने हात धुऊन पुसावेत, बोट किंचित ओलसर ठेवावे, जोरात दाबू नये. अंगठाच लागतो असे नाही, दहापैकी कोणतेही बोट चालते, पण घाईत अंगठाच तीनदा लावून माणसाला परत पाठवले जाते. पेन्शनरांच्या डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. पोस्टमनला घरी बोलावून ७० रुपयांत तो करून मिळतो. वय सत्तरच्या पुढे असेल किंवा आजारपण असेल तर बँकेने घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच कळवले आहे. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, तोंडी विचारले की बहुधा नकारच मिळतो.

आणि पेन्शन अचानक बंद झाली तर आधी बँक तपासा, तहसील नंतर. थेट हस्तांतरणाचे पैसे आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी नवे खाते उघडले आणि तिथे आधार जोडला गेला, की पेन्शन निमूटपणे तिकडे वळते आणि जुन्या पासबुकात ‘बंद’ दिसते. ‘माझे आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेले आहे’ एवढे कोणत्याही बँकेत विचारले तर तहसीलची निम्मी चक्कर वाचते.

हे झाले कागदांचे. म्हातारपण खरे मोडते ते घरात, आणि बहुतेक वेळा मोरीच्या वाटेवर.

पहाटे लघवीला उठताना म्हातारा माणूस पडतो तेव्हा घरचे म्हणतात, पाय घसरला. पुष्कळदा पाय घसरलेलाच नसतो, उठल्याबरोबर रक्तदाब खाली आलेला असतो. बीपीची गोळी, लघवीची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि झोपेची गोळी या चौघी एकत्र आल्या की हे होण्याचा धोका बराच वाढतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडची थंडी असते आणि पांघरुणातून एकदम उठणे होते. तपासणी सोपी आहे. पाच मिनिटे आडवे झोपवून बीपी मोजायचे, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा पुन्हा ठरवून घ्यायच्या. स्वतःहून बंद करायच्या नाहीत. दवाखान्यांत बीपी जवळपास नेहमी खुर्चीत बसवून एकदाच मोजले जाते, म्हणून हा उतार कोणाला दिसत नाही. दुसरी तपासणी खुर्ची आणि घड्याळाची : खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका मोठा. दोन्ही तपासण्या आशा कार्यकर्ती घरी करू शकते. त्यांच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी प्रश्न आधीच आहेत : उभे राहताना-चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आणणारे अपंगत्व आहे का, खाण्या-कपड्यांना मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का. या प्रश्नांना ‘हो’ उत्तर आले की पुढे कोणी, किती दिवसांत त्या घरी जायचे, हे मात्र ठरवून दिले पाहिजे. एरवी फॉर्म भरला गेला एवढेच होते.

गोळ्यांचा आणखी एक घोळ. हृदयाचे, साखरेचे, हाडांचे, डोळ्यांचे असे चार डॉक्टर, चार चिठ्ठ्या, आणि त्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा. सहा महिन्यांतून एकदा घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरसमोर ओतायच्या. नुसत्या चिठ्ठ्या नेऊ नयेत, कारण चिठ्ठीत नसलेल्या गोळ्याही पोटात जात असतात.

मोरीतला आधाराचा रॉड हा खुब्याच्या ऑपरेशनपुढे फार स्वस्त इलाज आहे, पण तो बसवताना नेमकी चूक होते. टॉवेलचा रॉड हा आधाराचा रॉड नव्हे, माणसाचा भार आला की तो भिंतीतून निघून हातात येतो. आधाराचा रॉड स्टेनलेस स्टीलचा, मुठीत नीट बसेल असा साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा असावा. भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर मोकळा ठेवावा. जास्त अंतर सोडले तर पडताना हात कोपरापर्यंत आत अडकतो. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत धातूचा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये तो धरत नाही. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) लागतो किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्यावी लागते. साध्या प्लास्टिकच्या रावल प्लगवर कधीच भरवसा ठेवू नये. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर हवी, त्याहून खाली असेल तर गुडघे उठू देत नाहीत. जागेअभावी दोनच रॉड लावता येणार असतील तर एक कमोडशेजारी उठण्यासाठी आणि एक दाराशी, उंबरा ओलांडताना धरायला लावावा. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्यावी. आतून कडी लावून पडलेल्या माणसाला काढण्यात जो वेळ जातो तो परवडणारा नसतो. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी लागते, कारण पडून राहण्यातूनच न्यूमोनिया, जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या सुरू होतात. ‘दोन दिवस शेकून बघू, मुका मार असेल’ हे सर्वांत महागात जाते. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर शेकत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

वयोश्री योजनेतून साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. त्यातून काठी येते आणि ती बहुधा चुकीच्या उंचीची असते. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. हे ऐकून लोक चक्रावतात, पण दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरली तर भार त्याच पायावर राहतो. खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे, ओल्या लादीवर झिजल्या बुचाची काठी नसलेलीच बरी.

जाता जाता, सिंहस्थासाठी शहरातले रस्ते खोदून पुन्हा होत आहेत. पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच ठेवू नका आणि उतार १ ला १२ द्या, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार. गोदाघाटावर येणाऱ्या भाविकांतही म्हातारी माणसे कमी नसतात.

माणूस अंथरुणाला खिळला की कुटुंबाला ब्युरोच्या मावशी शोधाव्या लागतात, बारा तासांच्या नाहीतर चोवीस तासांच्या. शहरात हे काम वाढले आहे, पण त्याला ना नोंदणी, ना प्रशिक्षणाची अट, ना त्या बाईला रजा. आयुष्मान कार्ड कितीही लाखांचे असले तरी ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडते. घरी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, डायपर, चष्मा, श्रवणयंत्र त्यात येत नाही. नेमकी हीच खर्चाची बाजू वर्षानुवर्षे चालते.

घरी सांभाळणाऱ्याला, मग ती मावशी असो, सून असो की म्हातारा नवरा, चार गोष्टी हाताने करून दाखवल्या तर बरीच आजारपणे टळतील. दर दोन तासांनी कूस बदलायची : उजवी, पाठ, डावी. कुशीवर एकदम उभे न करता पाठीमागे उशी देऊन थोडे तिरके ठेवायचे. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली दुसरी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. माकडहाडावर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झाला समजायचे. तिथे चोळायचे नाही, तेल-पावडर लावून मालिश तर मुळीच नाही, त्या बाजूवर भार येऊ द्यायचा नाही. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलणे सुटले असा समज आहे तो चुकीचा. माणूस झोपलेला असताना गादीखाली हात घालून पाहावे. मध्ये इंचभर हवा लागत नसेल तर दाब कमी आहे आणि गादी असून नसल्यासारखी आहे. भरवताना बसते करायचे आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवायचे. अर्धांगवायू झालेल्याला पाण्याने ठसका लागतो तेव्हा घरचे पाणीच कमी करतात आणि मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून पातळ पदार्थ दाट करून द्यावेत. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. गादीवर ठेवली तर लघवी उलटी वाहते.

मालमत्तेबद्दल थोडक्यातच. महाराष्ट्रात मुलाला किंवा नातवाला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. ही सवलत चांगल्या हेतूने आली, पण तिच्यामुळे घर लिहून देणे फार सोपे झाले. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास रद्द करून घेता येते. अट कागदावर नसेल तर प्रकरण अवघड होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने दाखवले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, तरी भरवशावर राहू नये. बक्षीसपत्रात साधे वाक्य घालावे : ‘दात्याच्या हयातीत निवास, अन्न आणि औषधोपचाराची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील, ती न पाळल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल.’ त्याहून सुरक्षित म्हणजे मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि मन बदलले तर बदलता येते. निर्वाहभत्त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करताना एक लक्षात ठेवावे : ९० दिवसांची मुदत अर्जापासून नव्हे, नोटीस बजावल्यापासून मोजतात. मुलगा पुण्याला किंवा परगावी असेल आणि अर्जात पत्ता जुना असेल, तर मुदत सुरूच होत नाही. मुलाच्या नोकरीच्या ठिकाणाचा पत्ताही द्यावा आणि अंतरिम भत्ता त्याच अर्जात मागावा. अर्जदार स्वतः येऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. चौकशीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

महापालिकेकडे मागणी काय, तर प्रभागाला एक परिचारिका आणि एक यादी. नवा कायदा नको. राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरभेटी त्यात लिहिलेल्याच आहेत. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करणारी शुश्रूषा) धोरण आणून ग्रामपंचायतींच्या पैशातून घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. आपला हिशेबही आवाक्यातला आहे. २०११ ची शहराची १४.८६ लाख लोकसंख्या ३१ प्रभागांत वाटली तर प्रभागाला सुमारे ४८ हजार. त्यात ११.७ टक्क्यांनी साठीपुढचे ५,६०० च्या आसपास. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या २४ टक्क्यांना आंघोळ, कपडे, चालणे अशा रोजच्या एखाद्या तरी कामात अडचण येते असे दिसले. म्हणजे प्रभागात साधारण १,३५०. त्यांतले दहातले एक पूर्णपणे अंथरुणावर धरले तर १३५ घरे. एक परिचारिका दिवसाला सहा घरे आणि महिन्याला पंचवीस दिवस करील तर १५० भेटी होतात. महिन्यातून एक भेट ही काही चैन नव्हे, पण बेडसोर हाडापर्यंत जाण्याआधी कोणाच्या तरी डोळ्यांना दिसेल. एकतीस परिचारिका, एकतीस दुचाक्या. पिशवीत बीपीचे यंत्र, ग्लुकोमीटर, ड्रेसिंगचे सामान, लघवीच्या नळ्या, हातमोजे, काठी आणि कमोडची उंची मोजायला टेप. तिच्याकडून हयातीच्या दाखल्याचे काम करून घेतले तर महसूल खात्याचीही सोय होईल, मात्र भेटीचा वेळ त्यातच जाऊ नये.

यादी जनगणनेतून मिळणार नाही, कारण जनगणनेतली व्यक्तिगत माहिती कायद्याने गुप्त असते. ती आशा कार्यकर्तींच्या फॉर्ममधून, श्रावणबाळच्या लाभार्थ्यांतून आणि सोसायट्यांच्या अध्यक्षांकडून जमवावी लागेल आणि दर तीन महिन्यांनी दुरुस्त करावी लागेल. तिच्यात नाव, वय, मजला, लिफ्ट आहे की नाही, घरात आणखी कोण राहते आणि आशांच्या फॉर्ममधल्या वरच्या प्रश्नांची उत्तरे एवढे रकाने पुरेत. संपर्काच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी परगावच्या मुलाचा फोन लिहिला जातो. त्याच्याबरोबर त्या घराची चावी ज्याच्याकडे आहे त्या शेजाऱ्याचाही नंबर लिहावा.

आपले,
सार्वजनिक आरोग्य व समाजकल्याण क्षेत्रातील काही निवृत्त कर्मचारी,
नाशिक